मांजर भांडून घरी आलं तर काय करावं?

ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांत किंवा नवी मुंबईत रो-हाउसच्या गल्ल्यांत मोकळं फिरणारं मांजर कधी ना कधी मारामारी करून येतंच. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यासारख्या ठिकाणी मासळीभोवती बोके जमतात, तिथे तर झटापट रोजचीच. घरचे कानावरचा ओरखडा बघतात, हळद लावतात आणि विसरून जातात. तीन-चार दिवसांनी मांजर जेवत नाही, कोपऱ्यात पडून राहतं, आणि गालावर किंवा शेपटीच्या मुळाशी लिंबाएवढी सूज दिसते.

दिसणाऱ्या ओरखड्यापेक्षा न दिसणारा चावा जास्त घातक असतो. मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. ते कातडीखाली खोल जातात, तोंडातले जंतू आत सोडतात, आणि वरचं छिद्र काही तासांत बुजतं. आत पू साठून दोन ते पाच दिवसांत गळू होतं. म्हणून ‘रक्त नाही, म्हणजे काही नाही’ असं समजू नका.

आधी शांत होऊ द्या. आल्या आल्या उचलायला जाऊ नका. दारं-खिडक्या लावा, पंधरा-वीस मिनिटं त्याला एकटं बसू द्या. घाबरलेलं मांजर आपल्या माणसालाही चावतं. चावलं किंवा ओरबाडलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस घ्यायची का, हे त्यांनाच ठरवू द्या. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते.

मग अंग चाचपा. मोठ्या टॉवेलात गुंडाळून फक्त तपासायचा भाग बाहेर ठेवा आणि केसांच्या उलट्या दिशेने बोटं फिरवा. डोकं, मान, पुढचे पाय, पाठीचा मागचा भाग, शेपटीचं मूळ, सगळं बघा. चिकटलेल्या केसांचा ओलसर झुपका किंवा मुगाएवढी खपली लागली की तिथे चावा असण्याची शक्यता मोठी. जखमा मागच्या बाजूला असतील तर बहुधा ते पळत होतं, पुढे असतील तर समोर उभं राहून लढलं. एक डोळा मिटून घेत असेल, तर बुबुळाला नख लागलेलं असू शकतं. अशा वेळी घरात पडलेले डोळ्यांचे थेंब अजिबात घालू नका.

जखम धुवा. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट एक चमचा मीठ घाला. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात, गॉज वापरा. बीटाडीन असेल तर कोऱ्या चहाच्या फिकट रंगाइतकं पातळ करूनच लावा. खपली ओढून काढू नका, गळू दाबून फोडू नका.

काही गोष्टी कधीच वापरू नका. डेटॉल मांजराला विषारी आहे, आणि अंगाला लावलेलं ते चाटतंच. हळद, टर्पेंटाइन, टी-ट्री तेल, स्पिरिटही नको. ताप वाटतो म्हणून क्रोसिन तर मुळीच देऊ नका: पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही आणि अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

चोवीस तासांत प्राण्यांचे डॉक्टर गाठा. वेळेत अँटिबायोटिक सुरू झालं तर गळू बऱ्याचदा टळतं. झालंच, तर डॉक्टर ते उघडून पू काढतात, आत धुतात, कधी निचऱ्यासाठी नळी ठेवतात. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचं रुग्णालय आहे. छाती-पोटावर खोल जखम, फिकट हिरड्या, तोंड उघडं टाकून श्वास, न थांबणारं रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर तासाभराचाही उशीर नको. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा बसून एका दिवसात अळ्या होतात, म्हणून तेव्हा जास्तच सावध राहा.

घरी आल्यावर त्याला एका खोलीत ठेवा. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर त्याला आवडणार नाही, तरी काढू नका. मांजराची जीभ टाके उकलते. शौचाच्या ट्रेमध्ये नेहमीच्या वाळूऐवजी (लिटर) वर्तमानपत्राचे तुकडे घातले की जखमेत कण जात नाहीत. नाक चोंदलं असेल तर वास येत नाही म्हणून ते खात नाही. बिनमिठाचं, बिनकांद्या-लसणीचं माशाचं पाणी कोमट करून द्या. पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. उपाशी मांजराच्या यकृतावर चरबी चढू शकते. जखम बरी दिसली तरी औषधाचा कोर्स अर्धा सोडू नका.

चाव्यातून एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) आणि मांजरांच्या ल्युकेमियाचे विषाणूही पसरतात आणि ते लगेच तपासणीत दिसत नाहीत. साधारण दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्या. मांजराची रेबीजची लस राहिली असेल तर तीही विचारा.

भांडणं कमी करायची असतील तर नसबंदीसारखा उपाय नाही. बोक्याची पाच-सहा महिन्यांचा असताना केली तर हद्दीसाठी भटकणं बरंच कमी होतं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत घरातच ठेवा. आणि खिडकीला कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका. मांजर ती दातांनी तोडतं, धातूची जाळीच बसवून घ्या.