तरुण पेशंट, हार्ट फेल्युअर आणि वरखाली होणारं बीपी: या चुका टाळा

पस्तिशीतला पेशंट, चार पायऱ्या चढला की धाप, इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाचं पंपिंग २५ टक्के, म्हणजे नॉर्मलच्या निम्म्याहून कमी, अँजिओग्राफी एकदम क्लीन, आणि फाईलवर काय, तर 'कारण अज्ञात'. अहो, पण पोटाची सोनोग्राफी कोणी केली का? किडनीच्या डोक्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, तिथे कधी फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते, आम्ही नुसतं फिओ म्हणतो. ती अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात ओतत राहते आणि त्या माऱ्याने हृदयाचा स्नायू खचतो. दुर्मिळ आहे, मान्य, पण गाठ काढल्यावर हृदय बऱ्याचदा सावरतं, म्हणून तर हा आजार हुकला की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धडधड होतेय ना, मग दे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी. डोंबिवलीच्या एक शिक्षिका होत्या. मधूनच डोकं ठणकायचं, घामाने कपडे भिजायचे, छाती धडधडायची, चेहरा पांढराफटक, आणि थोड्या वेळाने सगळं गायब. घरचे म्हणाले लोकलची गर्दी, बाहेरचे डॉक्टर म्हणाले टेन्शन, आणि झटका चालू असताना बीपी काही कोणी मोजलं नाही. मग कोणीतरी धडधडीवर बीटा ब्लॉकर लिहून मोकळं झालं. दुसऱ्या रात्री बाई आमच्याकडे आल्या त्या तोंडाला फेस, ऑक्सिजन घसरलेला, बीपी २३०, तासाभरात ८०. सिस्टर म्हणाल्या मशीन बिघडलंय, दुसरं आणलं, तेही तसंच! सोनोग्राफीत उजव्या बाजूला सहा सेंटीमीटरची गाठ.

झालं काय, तर शरीरात अ‍ॅड्रिनलिनचा हुकूम घेणारी अल्फा आणि बीटा अशी दोन प्रकारची बटणं असतात. अ‍ॅड्रिनलिन अल्फाच्या वाटेने रक्तवाहिन्या आवळतं आणि बीटाच्या वाटेने काही वाहिन्या सैल करतं. तुम्ही आधी बीटा बंद केलंत की उरतं फक्त आवळणं, वर आधीच दमलेल्या हृदयाचा जोरही कमी. म्हणून फिओमध्ये आधी अल्फा ब्लॉकर (प्राझोसिन, डॉक्साझोसिन वगैरे), बीटा नंतर. आणि हो, हे वाचून घरातल्या कोणाची चालू गोळी परस्पर बंद करू नका, नेहमीच्या हार्ट फेल्युअरमध्ये तीच गोळी जीव वाचवते.

दुसरी माझी ठसठस म्हणजे फिओ पकडायला लागणारी २४ तासांची लघवी. सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, अगदी दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. लोक काय करतात, रात्रीची विसरतात, ऑफिसमधली सोडून देतात आणि अर्धा कॅन घेऊन लॅबच्या काउंटरवर हजर. मी तर सरळ विचारतो, काल बाहेर कुठे लघवीला गेला होतात? उत्तर देताना चेहरा पडला की नवीन कॅन. रक्तातलं मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलिन मोडून बनणारा पदार्थ) तपासायचं असेल तर अर्धा तास आडवं पडून सॅम्पल द्या, जिना चढून धापा टाकत नाही. आणि आयसीयूतल्या आजारी पेशंटमध्ये ते थोडं वाढतंच, लगेच गाठ गाठ करून ओरडू नका, कित्येक पट वाढलं असेल तर बोला.

गाठ दिसली की बायोप्सीची सुई? फिओ नाही हे कळेपर्यंत अजिबात नाही. उलटीवर मेटोक्लोप्रमाइड किंवा उगाच स्टेरॉइड ठोकणं, तेही नाही, फिओचा झटका येऊ शकतो.

ऑपरेशनची घाई करणारे नातेवाईक हा वेगळाच विषय. 'डॉक्टर, उद्याच काढून टाका ना.' नाही काढणार! अल्फा ब्लॉकरवर साधारण ७ ते १४ दिवस तयारी लागते, उभं राहिल्यावरचं बीपी रोज बघतो, आणि नाक चोंदलं म्हणून पेशंटने कुरकुर केली की मला बरं वाटतं, गोळी लागू पडतेय. या दिवसांत मीठ-पाणी वाढवायला सांगतात, पण पंपिंग कमी असेल तर ते मोजूनमापूनच, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून लोणचं खात बसू नका.

शिक्षिकाबाईंचं पंपिंग काही महिन्यांनी ५५ टक्क्यांवर, म्हणजे नॉर्मलवर आलं, तर त्यांनी हृदयाच्या गोळ्या आणि फॉलोअप दोन्ही सोडायचं ठरवलं. फिओ परत येऊ शकतो, निदान १० वर्षं दरवर्षी तपासणी लागते. शिवाय साधारण तिघांत एकाला तो जनुकातून आलेला असतो, म्हणून पुढच्या वेळी भावालाही घेऊन या म्हटलं, तर म्हणे तो ठणठणीत आहे, फक्त अधूनमधून खूप घाम येतो.