सोलापुरात नवीन आलात? मुलाच्या शाळेकडे पहिल्या महिन्यातच बघा

कामासाठी सोलापुरात आलेल्या घराची पहिली धावपळ खोली, रेशनकार्ड आणि शाळेच्या दाखल्याची असते. मूल वर्गात रुळलं का, हे विचारायला दिवाळी उजाडते. तेवढं थांबू नका.

हे शहरच मुळात अनेक भाषांचं. साखर पेठ, अशोक चौकात तेलुगू कानावर पडते, अक्कलकोटकडे कन्नड. शिवाय उर्दू आणि मराठी आहेच. तरीही वर्गात टोमणे बसतात: बोलण्याच्या हेलावरून, आडनावावरून, डब्यावरून, आई विड्या वळते म्हणून, घर 'सेटलमेंट'कडे आहे म्हणून. या शेवटच्या शब्दाचा डंख नवख्याला कळत नाही. 1871 च्या कायद्यापासून काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगाराचा शिक्का मारला गेला आणि त्यांना 'सेटलमेंट' नावाच्या वसाहतींत डांबलं गेलं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, टोमणा मात्र राहिला.

'काय बे' ऐकून मात्र दचकू नका. इथं 'बे' ही दोस्तीतली हाक आहे. ती सगळ्यांनाच मारतात का, आणि आपलं मूल ती ऐकून हसतं की गप्प होतं, एवढं पाहा.

प्रवेशाच्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. मुलाचं नाव, आडनाव कसं उच्चारायचं ते सांगा. हजेरीत चुकलेला उच्चारच पुढे टोपणनाव होतो. शिष्यवृत्तीचे कागद ऑफिसात घ्या, अशी विनंती करा. भर वर्गात 'एससीची मुलं उभी राहा' म्हटलं की जात सगळ्यांना कळते आणि मधल्या सुट्टीत चिडवणं सुरू होतं. शिक्षकांच्या मनात वाईट नसतं, घाई असते. म्हणून आधीच बोलावं.

चिडवलं तर त्या रात्रीच लिहून काढा. 'मुलाला त्रास देतात' एवढ्याने काही होत नाही. 'मंगळवार, मधली सुट्टी, पाण्याच्या टाकीजवळ, सहावीतल्या दोघांनी अमुक शब्द वापरला, शेजारी अमुक मुलगी उभी होती' असं हवं. शब्द जसाच्या तसा, कितीही घाण असला तरी. 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न मुलाला अजिबात विचारू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, पुढे पाठवू नका.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, दोन प्रतींत. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी विसरली जाते. अर्जात नेमकं मागा: मधल्या सुट्टीत, स्वच्छतागृहाजवळ आणि शाळा सुटताना लक्ष कोण ठेवणार; दोन्ही बाजूंच्या मुलांशी वेगवेगळं बोलणं; आठ दिवसांनी पुन्हा बैठक. समोरासमोर उभं करून 'हात मिळवा' म्हणायला लावलं की दुबळं मूल भीतीनं हो म्हणतं आणि गेटबाहेर मार खातं. त्रास झालेल्याचीच तुकडी बदलणं तर उलटी शिक्षा. आणि बापानं त्या मुलाच्या दारात जाऊन आवाज चढवला की प्रकरण गल्लीचं होतं, शाळा हात झटकते.

शाळा हलली नाही तर शाळा व्यवस्थापन समिती गाठा. सरकारी आणि अनुदानित शाळांत तिचे 75 टक्के सदस्य पालक असतात. 6 ते 14 वयाच्या मुलासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली महापालिकेकडे किंवा जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. शिक्षकानंच मारलं किंवा मानसिक छळ केला तर याच कायद्याचं कलम 17 लागतं; त्यात दोन्हींना मनाई आहे. मोठ्या माणसानं चारचौघांत जातीवरून अपमान केला आणि मूल अनुसूचित जाती-जमातीचं असेल, तर अ‍ॅट्रॉसिटीखाली थेट पोलीस ठाणं. मूल घाबरलेलं, रात्र झालेली असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो.

तक्रारीनंतर रोज संध्याकाळी दप्तरातली पाण्याची बाटली बघा. ती भरलेलीच परत येत असेल तर स्वच्छतागृहाकडे जावं लागू नये म्हणून मूल पाणीच पीत नसेल. ते शांतपणे विचारा आणि पुढच्या बैठकीत तेच पहिलं सांगा.