केरळ म्हणून नोंदवलं, निघालं दुबई

लांबचं एफएम पकडायचा नाद लागलेल्यांना आधीच सांगतो, पहिल्या मोसमात तुम्ही चुकणार. मीही चुकलो, आणि चार जणांना छाती फुगवून सांगून झाल्यावर चुकलो. त्याची लाज अजून पुरती गेलेली नाही.

मी रत्नागिरीचा. एफएम साधारण नजरेच्या टप्प्यात चालतं, सत्तर-ऐंशी किलोमीटरपुढे खरखर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण मार्च ते मे या महिन्यांत आमच्या समुद्रावर वेगळाच खेळ चालतो. खाली पाण्याला लागून दमट, त्या मानाने गार हवा आणि तिच्यावर अरबस्तानाकडून आलेली कोरडी, गरम हवा. या दोन थरांच्या सांध्यात लहरी खाली वाकतात आणि पन्हळीतून पाणी जावं तशा समुद्रावरून पुढे सरकत राहतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर हजाराहून जास्त मैलांवरच्या अरबस्तानाच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते, ते याच कारणाने. म्हणजे यात चमत्कार काही नाही. आपला किनारा त्यासाठी नावाजलेलाच आहे.

ती रात्र कशी ओळखायची? वारा पडलेला, अंगाला शर्ट चिकटलेला, क्षितिजावर धुरकट पट्टा, आणि मांडवीच्या जेट्टीवरून पाहिलं तर लांबच्या होड्यांचे दिवे पाण्यापासून जरा उचलल्यासारखे. तेव्हा आधी मुंबई लावून बघा. आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटर. ती स्टिरिओत खणखणीत यायला लागली, की सौराष्ट्राकडे वळा, तो पाचशेतीस किलोमीटरच्या आसपास. मग कराची, अकराशे. मग आखात.

आता माझी फजिती. एप्रिल, आमच्या घराची गच्ची, हातात घरी केलेली तीन दांड्यांची यागी, म्हणजे जिकडे तोंड कराल तिकडचंच जास्त पकडणारी अँटेना. ९६.७ वर एक बाई मल्याळीत बोलत होती. आवाज इतका स्वच्छ की तिने श्वास घेतलेला कळावा. मल्याळी म्हणजे केरळ, यात विचार कसला करायचा? वहीत लिहून टाकलं, ‘केरळ, अंदाजे ६०० किमी’. चार रात्री ती आली, चार रात्री तेच लिहिलं.

आणि त्या चारही रात्री पुरावा माझ्या हातात होता. अक्षरशः हातात, कारण अँटेनाचं तोंड वायव्येला होतं. केरळ आमच्या दक्षिणेला. दक्षिणेकडे वळवली की बाई मंद व्हायची, वायव्येला नेली की पुन्हा जवळ येऊन बोलायची. मी काय केलं? ‘घराच्या पत्र्यावरून लहर परावर्तित होत असेल’ अशी मनाची समजूत घातली. शिवाय पणजीचं १०५.४ रोजच्याइतकंच येत होतं. दक्षिणेची वाट उघडली असती तर आधी गोवा उसळला नसता का? हा साधा प्रश्न मला सुचला नाही, कारण मला उत्तर आधीच मिळालेलं होतं.

हायवेवर एका मल्याळी माणसाचं टायरचं दुकान आहे. त्याला मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. बोटांना सोल्युशन लागलेलं म्हणून त्याने फोन हातात घेतला नाही, नुसता कान जवळ आणला. दहा सेकंदांत हसायला लागला. “अरे, ये तो दुबई है. मैं शारजा में छे साल यही सुनता था.” मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, “एट्टरा बोली ना वो. साढ़े आठ.” फाइलीवरची वेळ होती रात्री दहा. पुढच्या जाहिरातीत सोन्याचा भाव होता, दिरहममध्ये. ‘दिरहम’ कळायला मल्याळी यावं लागत नाही. मी ती जाहिरात चार रात्री ऐकली होती.

म्हणून दहादा सांगतो, भाषेवरून गाव ठरवू नका. दुबईत ९६.७ वर मल्याळी आहे, १०१.६ वर हिंदी. हिंदी गाणं लागलं म्हणजे भारत, असं इथे चालत नाही. घड्याळ धरा. दुबई आणि ओमान आपल्या दीड तास मागे, कतार-बहरीन-कुवेत अडीच तास, पाकिस्तान अर्धा तास मागे. निवेदकाने वेळ सांगितली की लगेच स्वतःच्या घड्याळाकडे बघा आणि दोन्ही वेळा लिहा. संध्याकाळी अजान लागली तर तीही नोंदवा, ती त्यांच्या सूर्यास्ताची असते, तुमच्या नव्हे. पाठोपाठ दिशा लिहा. मग भाषा. मी हा क्रम उलटा लावला आणि तोंडावर पडलो.

स्टेशनच्या नावाचीही हीच गत. ९८.३ वर ‘मिरची’ ऐकली, मग ती मुंबईची, पुण्याची की अहमदाबादची? ९३.५ चं तेच. विविध भारती तर देशभर सहक्षेपित होते, आणि दिल्लीच्या बातम्या ऐकून गाव कळणं शक्यच नाही. अशा वेळी दुकानांच्या जाहिराती कामाला येतात. फोन नंबर ०२८१ ने सुरू झाला की राजकोट, विषय संपला. जाहिराती लागल्या की चॅनेल बदलायची सवय असेल तर ती आधी सोडा.

कधी कधी एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं येतात. एफएममध्ये ती एकमेकांत मिसळत नाहीत, जी जोरात असते ती दुसरीला पार झाकते. गाण्याच्या मधल्या ओळीत गुजराती निवेदक टपकला तर रेडिओ बिघडलेला नाही. हलू नका, दोघांचीही वाट बघा.

जून-जुलैच्या दिवसांत एखादं स्टेशन एकदम उसळून पाच-दहा मिनिटांत गायब झालं, तर ते बहुधा समुद्राचं काम नसतं. शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या आयनांच्या थराचं असतं. तो प्रकार बँडच्या खालच्या टोकाकडून, ८८ च्या बाजूने सुरू होतो. त्यावर इथे फार लिहीत नाही, मला तो स्वतःला दोनदाच सापडलाय.

शहरातल्यांनी भुतांपासून जपावं. मी मुंबईत नोकरीला असताना १०३.१ वर ‘नवीन’ स्टेशन सापडलं म्हणून नाचलो होतो. ९८.३ ची दुप्पट करा आणि ९३.५ वजा करा. उत्तर १०३.१. जवळच्या दोन जोरदार स्टेशनांनी माझ्या स्वस्त रेडिओत घातलेला तो गोंधळ होता. अँटेना अर्धी आत ढकला. भूत लगेच मरतं, खरं स्टेशन थोडंच मंदावतं.

सामानाचं म्हणाल तर, पहिल्याच महिन्यात महागडं एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, घ्या म्हणणारे गुरू भेटतील. त्यांचं ऐकू नका. पाऊण-पाऊण मीटरच्या दोन तारा आणि साधा डिजिटल रेडिओ पहिल्या मोसमाला पुरतो. तुमचं रेकॉर्डिंग यादीशी ताडून दोन मिनिटांत नाव सांगणारे गुरू तर त्याहून वाईट. नाव मिळतं, कान तयार होत नाही. टायरवाल्याने मला नाव सांगितलं खरं, पण ‘कशावरून’ तेही सांगितलं. तेवढं सांगणारा भेटला तर सोडू नका.

आणि उंच जागेच्या मागे धावू नका. सड्यावर चढून मी कितीतरी रात्री घालवल्या. आमच्याकडे पुष्कळदा ती पन्हळ पाण्यालगतच असते आणि खाली जेट्टीवर जास्त मिळतं. फक्त तिथे रात्री समुद्राकडे अँटेना रोखून उभे राहिलात की गस्तीवरचे हवालदार विचारायला येणारच. हेडफोन काढून त्यांच्या हातात द्या. मला विचारायला आलेले सौराष्ट्राचा गरबा ऐकत दहा मिनिटं उभे होते.

आठ-आठ रात्री काही न मिळणं यात तुमचा दोष नाही. मतलई वारा जोरात सुटला की थर विस्कटतो, तुम्ही काहीही करा. झोपायला जा. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा लागला की हवा ढवळून निघते आणि मुंबईसुद्धा नीट येत नाही. तोवर यागी उतरवून नटांना ग्रीस लावून ठेवा. मी नाही लावलं, आणि ऑक्टोबरात दोन दांड्या हॅक्सॉने कापून काढाव्या लागल्या.