पेशंट खूश आहेत का हे मोजायचंय? मग "खूश आहात का" हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा

विकसनशील देशातल्या सरकारी दवाखान्यात पेशंटचा सर्व्हे केला की बहुतेक वेळा आकडा भरपूर वर येतो, सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात आणि फाईल कपाटात जाते. औषधं तशीच अर्धी मिळतात, रांग तेवढीच लांब. म्हणजे आकडा खोटा असतो असं नाही, पण आपण भलतंच काहीतरी मोजलेलं असतं.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा ओपीडीच्या दारातच टेबल टाकून बसलो होतो. एक बाई आल्या, हातात केस पेपर आणि गोळ्यांची पुडी, प्रत्येक प्रश्नाला "चांगलंय, चांगलंय", आणि दोन हातांवर सिस्टर उभ्या. फॉर्म संपला, मी पेन खिशात ठेवलं, बाई गेटपाशी बसलेल्या त्यांच्या सासूबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "चार तास बसवलं आणि हात लावून पण बघितलं नाही." माझ्या फॉर्मवर पाचपैकी पाच!

यात तीन गोष्टी असतात. एक भीड, समोरचा माणूस चांगलं बोलतोय तर वाईट कशाला सांगा. दुसरी भीती, पुढच्या वेळी इथंच यायचंय ना. आणि तिसरी सगळ्यात अवघड, अपेक्षाच कमी. २०१९ साली १२ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमधला एक अभ्यास छापून आला, त्यात लोकांना वाईट उपचाराचे प्रसंग वाचायला देऊन "कसं वाटतं" विचारलं तर निम्म्याहून जास्त लोकांनी त्यालाही चांगलं म्हटलं. ज्याने चांगलं बघितलंच नाही तो तुलना कशाशी करणार. नायजेरियात तर असंही दिसलं की तेच वाक्य उलटं करून वाचलं, म्हणजे "स्टाफ आदराने वागला" ऐवजी "स्टाफ आदराने वागला नाही" असं, तर समाधान खाली येतं, कारण लोक समोरच्याच्या होला हो करतात.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे काय वाटलं ते विचारायच्या आधी काय झालं ते विचारा. "डॉक्टरांनी नीट तपासलं का" हे सोडा, "डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला का, बीपी बघितलं का" हे विचारा. "औषधं मिळाली का" ऐवजी चिठ्ठी हातात घ्या, त्यावर किती औषधं लिहिलीयेत आणि पिशवीत किती आहेत ते स्वतः मोजा, पाचातली तीन असतील तर ३/५ लिहा, विषय संपला. आणि माझा आवडता प्रश्न, पिशवीतली एक गोळी दाखवून "ही कधी आणि किती दिवस घ्यायची सांगता का?" याचं उत्तर आलं नाही तर मागे "डॉक्टरांनी समजावून सांगितलं, हो" अशी टिक असली तरी तिला अर्थ नाही. समाधानाचा प्रश्न पण ठेवा, काढू नका, फक्त हे सगळं झाल्यावर विचारा, तोपर्यंत माणसाला दिवस आठवलेला असतो.

तयार प्रश्नावल्या भरपूर आहेत. सर्व्हक्वाल १९८८ ची, मुळात धंद्यातल्या ग्राहकसेवेसाठी बनवलेली, त्यात २२ मुद्दे आणि तेच आधी अपेक्षा म्हणून आणि परत अनुभव म्हणून विचारायचे, म्हणजे ४४ झाले, तापाने फणफणलेला माणूस दहाव्या प्रश्नाला उठून जाईल. पीएसक्यू-१८, म्हणजे पेशंट सॅटिस्फॅक्शन क्वेश्चनेअर, लहान आहे, १८ प्रश्नांची, पण ती पण अमेरिकेत बनलेली. मी तरी त्यातले विषय घेतो, वागणूक, वाट बघणं, औषधं, स्वच्छता, खाजगीपणा, खर्च, आणि प्रश्न आपले लिहितो. १५ ते २० प्रश्न, १० मिनिटं, त्याच्यावर नको.

भाषांतर करणार असाल तर एकाने करा, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत मूळ भाषेत करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पण त्याने पण सगळं पकडलं जात नाही. आपला "समाधान" हाच शब्द घ्या, "समाधानी आहात का" विचारलं की कित्येक जण "समाधान मानायचं, दुसरं काय" म्हणतात आणि आपण "हो" वर टिक करून मोकळे. म्हणून २०-२५ लोकांवर आधी ट्रायल घ्या आणि उत्तराआधी त्यांना विचारा की प्रश्न काय समजला. वाचता न येणाऱ्यांसाठी हसरे-रडके चेहरे वापरतात ते पण ट्रायलमध्ये बघा, एका आज्जींनी मला सगळीकडे हसरा चेहरा दाखवला, का म्हटलं तर "हा गोड दिसतो".

विचारणारा माणूस दवाखान्याचा नको, पांढरा कोट अजिबात नको. जागा गेटच्या बाहेर, स्टाफच्या नजरेआड. नाव घ्यायचं नाही, आणि उत्तराचा उपचारावर परिणाम होणार नाही हे सुरुवातीलाच सांगायचं, नको म्हणाले तर सोडून द्यायचं. वरचे पैसे कुणी मागितले का हा प्रश्न शेवटाकडे, समाधानाच्या प्रश्नाच्या जरा आधी. घरी जाऊन आठ-दहा दिवसांनी विचारलं तर लोक जास्त मोकळं बोलतात आणि बरं वाटलं का ते पण कळतं, पण रांगेत किती वेळ गेला ते तोवर विसरलेले असतात. फोनवर स्वस्तात होतं, फक्त ज्यांच्याकडे फोन नाही ते गळतात, आणि गळणारे बहुधा सगळ्यात गरीब.

किती लोक? ५ टक्के चूक चालेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३८४ हा आकडा सगळीकडे दिसेल, तो सरळ चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांसाठी आहे. आधी दवाखाने निवडून मग त्यातले पेशंट घेणार असाल तर साधारण दीडपट-दुप्पट धरा. निवड मुलाखत घेणाऱ्यावर सोडू नका, तो नीटनेटके, बोलके लोकच पकडतो (मी पण पकडायचो). दिवसाला १२० पेशंट आणि २० हवेत तर दर सहावा, पहिला कोण ते १ ते ६ मधली चिठ्ठी काढून.

आणि जे तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचं काय? सकाळी केस पेपर किती निघाले आणि डॉक्टरांच्या रजिस्टरला किती नोंदी, यातला फरक रोज लिहून ठेवा. रांगेतून कंटाळून घरी गेलेला माणूस कुठल्याच सर्व्हेत नाराज म्हणून येत नाही.

आकडे काढताना सरासरीच्या नादी लागू नका, सगळं ४.३ च्या आसपास येतं. "खूप समाधानी" म्हणणारे वेगळे काढा, वाट बघण्याच्या वेळेचा मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढा, बायका-पुरुष आणि पहिल्यांदा आलेले वेगळे बघा. मग कुठली गोष्ट समाधानाशी जास्त जुळते ते बघा, तिथं खरी मजा असते. ग्रामीण बांगलादेशातला २००१ मध्ये छापलेला अभ्यास आहे, तिथं तपासणीला सरासरी २ मिनिटं २२ सेकंद मिळत होती, तरी लोकांना ती वाढवण्यापेक्षा वाट बघणं कमी होणं जास्त महत्त्वाचं होतं आणि सगळ्यात वर होती स्टाफची वागणूक. पण यावरून गोड बोललं की झालं असं समजू नका, तपासणी बरोबर होती का हे पेशंटला ठरवता येत नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

निकाल आधी स्टाफला दाखवा, वरच्या साहेबांना नंतर, आणि कुणाचं नाव न घेता पेशंटची दोन-चार वाक्यं जशीच्या तशी वाचा, टक्केवारीपेक्षा तीच लक्षात राहतात. तीन-चार महिन्यांनी परत मोजाल तेव्हा प्रश्न तेच, जागा तीच, विचारायची पद्धत तीच. मधे एखादा प्रश्न सुधारावासा वाटेलच, तेव्हा नवा खाली जोडा आणि जुना तसाच राहू द्या, नाहीतर फरक दवाखान्यात पडला की फॉर्ममध्ये हे कळणार नाही.