जुन्या गाडीचा क्लच तपासताना या चुका टाळा

गिअर पडायला त्रास होऊ लागला की ‘क्लच प्लेट गेली’ असा निष्कर्ष काढून गिअरबॉक्स उतरवण्याची घाई केली जाते. वास्तविक झिजलेली क्लच प्लेट सहसा गिअर अडवत नाही, ती घसरते. क्लच पकडत नाही आणि क्लच सुटत नाही हे दोन परस्परविरुद्ध दोष आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि त्यांची गल्लत करणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

पेडल वर असताना प्रेशर प्लेटमधील डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीवर, घट्ट दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या मधल्या पट्ट्यांवर दाब देते आणि पकड सुटते. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने ओढत नाही, तेव्हा पकड कमी पडत असते. उभ्या गाडीत पहिला गिअर अडतो किंवा रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, तेव्हा पकड पूर्ण सुटत नसते.

हा फरक ओळखण्यासाठी काहीही उघडावे लागत नाही. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनवर ते सहज पडत असतील आणि चालू इंजिनवर अडत असतील, तर क्लच सुटत नाही असे समजावे. बंद इंजिनवरही गिअर घट्टच जात असतील, तर दोष बहुधा गिअर लिव्हरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये असतो आणि क्लच उघडून काहीच हाती लागत नाही. दुसरी खूण रिव्हर्सची. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रचना) नसतो, त्यामुळे तो गिअर क्लचचे दोष झाकत नाही. इंजिन आयडलवर ठेवून पेडल पूर्ण दाबावे, पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढे थांबूनही दाते घासल्याचा आवाज आला, तर पकड सुटत नाही हे जवळजवळ निश्चित.

क्लच घसरतो म्हणून केबल आवळणे

ही चूक समजूतदार माणसांकडूनही होते, कारण सैल झालेली वस्तू आवळावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु क्लच प्लेट जसजशी झिजते, तसतशा डायफ्राम स्प्रिंगच्या पट्ट्या रिलीज बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि पेडलची मोकळी चाल आपोआप कमी होत जाते. अशा वेळी पेडलची ओढ क्लचपर्यंत नेणारी केबल आणखी आवळली, तर पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग स्प्रिंगला सतत दाबत राहते, पकड आणखी कमी होते आणि उरलेली प्लेटही जळते. त्यामुळे घसरणाऱ्या क्लचची केबल आधी पुरेशी सैल आहे ना, हे पाहावे.

मोकळी चाल अंदाजाने ठरवू नये. चालकाच्या दाराशी गुडघ्यावर बसून पेडलशेजारी स्टीलची पट्टी उभी धरावी आणि पेडल हातानेच, दोन बोटांनी, हलके दाबावे. जिथे बोटांना पहिला खरा विरोध जाणवतो, तिथपर्यंतचे अंतर म्हणजे मोकळी चाल. केबलच्या अनेक गाड्यांत ती साधारण १० ते २५ मिलिमीटर असते, मात्र गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. काही गाड्यांची केबल स्वतःच जुळवून घेते, तिथे ही चाल मिळणारच नाही.

घसरण तपासण्यासाठी हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडण्याची पद्धत प्रचलित आहे. ती पुन्हापुन्हा केल्यास चांगला क्लचही तापतो. त्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबावा. इंजिनचा आवाज गाडीच्या वेगाला मागे टाकून चढला, तर उत्तर मिळाले.

ब्रेक ऑईल भरत राहणे

हायड्रॉलिक क्लचमध्ये, म्हणजे केबलऐवजी ब्रेक ऑईलच्या दाबाने चालणाऱ्या क्लचमध्ये, टाकीतील ऑईलची पातळी खाली गेली की वरून भरून विषय संपवला जातो. ब्रेकचे पॅड झिजल्याने पातळी थोडी उतरते, परंतु क्लच प्लेट झिजल्याने ती उतरत नाही, म्हणून उतरणारी पातळी म्हणजे गळती हेच गृहीत धरावे. पेडलच्या वरच्या टोकाशी, पुशरॉड आत जाते तिथे बोट फिरवून पाहावे. ओल लागली किंवा खालचा रंग फुगून सुटलेला दिसला, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलकडचा सिलिंडर, गळतो आहे. तिथे कोरडे असेल, तर क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट उचलून पाहावे. पेडल दोन-चार वेळा मारल्यावर गिअर नीट पडू लागले, तर आत हवा शिरली आहे किंवा सील दाब धरत नाहीत. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते, तेव्हा या गळतीकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. इंजिन ऑईल तर त्यात चुकूनही घालू नये, त्याने सगळी रबरी सील फुगतात.

माझ्या एका जुन्या गाडीत गिअर अडत होते म्हणून गिअरबॉक्स उतरवून नवी प्लेट बसवण्यात आली, पण दोष तसाच राहिला. शेवटी एकाला पेडल दाबायला बसवून मी बॉनेटखाली टॉर्च धरला, तेव्हा केबलचे बाहेरचे आवरण जिथे टेकते तो पत्राच दर वेळी आत-बाहेर होताना दिसला, कारण त्याला केसाएवढी तडा गेली होती. पेडल तळाला टेकत होते, पण रिलीज बेअरिंग ढकलणारा क्लचचा फोर्क जेमतेम हलत होता. तेव्हापासून फोर्कची हालचाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. पेडलखाली सरकलेली जाड मॅटही हाच घोटाळा करू शकते.

आवाजाच्या बाबतीत पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज पेडल दाबताच थांबला, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर घ्यावा.

उघडल्यावर होणाऱ्या चुका

थांबलेली गाडी निघताना थरथरत असेल, तर इंजिनचे माउंटिंग आधी पाहावे. प्लेटवर तेल आढळले, तर नुसती प्लेट बदलणे व्यर्थ आहे, कारण गळणारे ऑईल सील नवीन प्लेटही तशीच भिजवते. गंधकासारखा उग्र वास आला, तर ते गिअर ऑईल, म्हणजे सील इनपुट शाफ्टचे. अन्यथा इंजिनच्या क्रँकशाफ्टचे मागचे सील पाहावे. क्लच प्लेटच्या जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ हवेच्या दाबाने कधीही उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. नवीन प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा तिच्यावरच लिहिलेली असते. ती उलटी बसली, तर क्लच सुटत नाही आणि सगळे काम पुन्हा उतरवावे लागते. प्लेट बदलल्यावर डायफ्रामच्या पट्ट्यांची जागा बदलते, त्यामुळे मोकळी चाल पुन्हा मोजून केबल नव्याने लावावी आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तीच स्टीलची पट्टी घेऊन पुन्हा एकदा मोजावी.