कचरा अक्षरं आली की आधी क्रिस्टल बघा

रबाळे एमआयडीसीत आमचं कंट्रोलर कार्ड दुरुस्तीचं छोटंसं युनिट आहे. गेल्या पावसाळ्यात डिप्लोमाचा एक मुलगा ट्रेनिंगला होता. ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपमधून पीसीला कॅपिटल 'ए' पाठवायचा आणि स्क्रीनवर दर वेळी उलटं उद्गारचिन्ह उमटायचं.

"दादा, कोड तीनदा तपासला. पुस्तकातलाच आहे."

मी कोड उघडलाच नाही. बोर्डावरचा क्रिस्टल, म्हणजे चिपला घड्याळाचे ठोके देणारा भाग, बघितला. १२ मेगाहर्ट्झ.

चलनाच्या पाठीवर त्याला समजावलं ते असं. यूआर्टमध्ये, म्हणजे एकेक बिट ओळीनं पाठवणाऱ्या सिरीयल जोडणीत, क्लॉकची वेगळी वायर नसते, दोघंही आपापल्या घड्याळावर चालतात. लाइन रिकामी असताना हाय. ती लो झाली की स्टार्ट बिट. घेणारा तिथून अर्धा बिट थांबतो आणि मग प्रत्येक बिट मधोमध वाचतो. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांना, एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा. डेटाचे आठ बिट जातात ते शेपटीकडून, म्हणजे उजव्या टोकापासून, शेवटी हाय स्टॉप बिट. 'ए' म्हणजे ६५, बायनरीत ०१०००००१. वायरवर मात्र दिसतं: ०, मग १०००००१०, मग १. पुढच्या स्टार्ट बिटला मोजणी नव्यानं सुरू होते, म्हणून घड्याळं एवढ्या दहा बिटांपुरती जुळली तरी भागतं.

आता हिशेब. पुस्तकातला कोड ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल धरून लिहिलेला. ११.०५९२ मेगाहर्ट्झला ८०५१ आधी १२ नं आणि मग ३२ नं भागतो: २८,८००. टीएच१ या टायमर रजिस्टरमध्ये २५३ भरलं (२५६ ला ३ कमी) की आणखी ३ नं भाग, बरोब्बर ९६००. ११.०५९२ हा विचित्र आकडा त्यासाठीच. १२ च्या क्रिस्टलवर तोच कोड १०,४१७ नं पाठवतो, साडेआठ टक्के जलद. पहिले पाच डेटा बिट निभावतात. सहाव्यापर्यंत घसरण अर्ध्या बिटाच्या वर जाते आणि पीसी सहाव्याच्या जागी सातवा वाचतो, सातव्याच्या जागी आठवा, आठव्याच्या जागी स्टॉप बिट. जमा होतात १६१. विंडोजच्या अक्षरतक्त्यात १६१ म्हणजे तेच उलटं उद्गारचिन्ह.

स्कोप (ऑसिलोस्कोप) असेल तर 'यू' सलग पाठवा. 'यू' म्हणजे ८५, त्याचे बिट एकाआड एक असल्यानं स्टार्ट-स्टॉपसकट नितळ चौकोनी लहर दिसते. एका पट्टीची रुंदी मोजा. आमच्याकडे १०४ ऐवजी ९६ आली.

काहीच येत नसेल तर मात्र बॉडच्या मागे लागू नका, वायरी बघा. टीएक्स (पाठवणारी पिन) समोरच्या आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला, आणि ग्राउंड जोडलेलं हवंच. जुन्या आरएस-२३२ पोर्टाला (पीसीचं जुनं सिरीयल पोर्ट) जोडताना मधे मॅक्स२३२ चिप घाला, कारण तिथं व्होल्टेज जास्त आणि लॉजिक उलटं. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या ईएसपी३२ चिपच्या आरएक्सवर ५ व्होल्ट थेट देऊ नका, १ के आणि २ के (किलोओहम) रेझिस्टरचा डिव्हायडर पुरतो.

क्रिस्टल बदलला, 'ए' आला. काढलेला १२ चा क्रिस्टल तो मुलगा सवयीनं ११.०५९२ च्याच डबीत टाकायला निघाला होता. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून आता १२ वाल्यांना मार्करनं लाल ठिपका लावतो.