जिप्सीचा रेडिएटर पार्किंगमध्ये बदलताना

गाडीच्या काचेवर वायपरखाली चिठ्ठी होती. "आपल्या वाहनातील हिरवा द्रव आमच्या जागेत येत आहे. कृपया तो आपल्याच जागेत गाळावा." सही नव्हती, पण अक्षर शेजारच्या पार्किंगवाल्या काकांचं. मी वाकून पाहिलं. काकांचं बरोबर होतं.

माझी मारुतीची जिप्सी किंग 1998 ची, 1298 सीसीची, कार्ब्युरेटरवाली. 2000 नंतरची एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाली, असली तरी रेडिएटरचं काम थोड्याफार फरकाने हेच. शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी पुण्यात धनकवडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली झोपते. बाईने गाडीखाली शिरावं हे काही जणांना अजून पचलेलं नाही, पण त्यांच्याही गाड्या मधूनमधून चालू होत नाहीत, तेव्हा माझीच आठवण होते.

आधी गळतं कुठून ते शोधा. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाका आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. बरोबर रेडिएटरखाली असेल तर जाळी, टाक्या किंवा खालचा होज, म्हणजे रबरी पाइप. त्याच्या मागे, पट्ट्याच्या बाजूला असेल तर वॉटर पंप. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून ठिबकतं. पायाशी गालिचा ओला आणि गोडसर वास असेल तर हीटर. गळती कुठेच दिसत नाही आणि तरी पाणी कमी होतंय, ऑइल चहाच्या सायीसारखं झालंय, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं तर सतत बुडबुडे येतायत, असं असेल तर हा लेख बंद करा. ते हेड गॅस्केटचं काम आहे.

माझ्या गाडीत खालच्या टाकीच्या डाखाला, म्हणजे वितळवून केलेल्या जोडाला, चीर गेली होती. तिच्यावर हिरवट पांढरी पुटं. आणि कारण दोन हातांवर होतं: रेडिएटर चार बोल्टवर बसतो, माझ्याकडे तीनच होते. चौथा मी दोन वर्षांपूर्वी जाळी धुताना हरवला आणि "नंतर लावू" म्हणाले. जिप्सीची चॅसी खडबडीत रस्त्यावर पीळ खाते. तीन बोल्टवरच्या रेडिएटरने तो पीळ डाखावर घेतला.

काम गार इंजिनावरच. गरम असताना झाकण उघडणं म्हणजे तोंड भाजून घेणं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, खाली रुंद परात ठेवा, निचऱ्याचा बूच सोडा, मग वरचं झाकण उघडा. निघालेलं पाणी मोजून ठेवा, भरताना तोच हिशोब उपयोगी पडतो. आणि परात उघडी सोडून चहाला जाऊ नका. कूलंटमधलं ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांना ते जीवघेणं आहे.

माझ्या परातीत आधी हिरवं आलं, मग पिवळा गाळ. हळद! आधीच्या मालकाने किंवा त्याच्या ड्रायव्हरने गळती बंद करायला हळद टाकली होती. घाटात अडकलात आणि दुसरं काही हाताशी नसेल तर हळदीने बारीक भोक तात्पुरतं बुजतं, हे मी नाकारत नाही. पण ती भोक बघून थांबत नाही, जाळीच्या बारीक नळ्यांतही बसते. गाडी घरी पोचली की लगेच साफ करायची असते, लोक वर्षानुवर्षं तशीच चालवतात.

होज निघत नसतील तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. होज बसतो ती पितळेची मान मऊ असते, वाकली की गेली. होज ब्लेडने उभा चिरा, तसेही नवेच टाकायचेत. मग पंख्याभोवतीचं आच्छादन, म्हणजे श्राउड. त्याचे 10 च्या पान्याचे बोल्ट काढून ते मागे, पंख्यावर सरकवून ठेवा. पंखा आणि जाळीच्या मधे पुठ्ठा सरकवा, नाहीतर उचलताना पात्यांनी जाळी फाटते. बाजूचे चार बोल्ट (माझे तीन) काढले की रेडिएटर सरळ वर येतो.

श्राउड तुटलाय म्हणून फेकून देणारे खूप आहेत. इतर गाडीत एक वेळ चालेल, जिप्सीत नाही. फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) लावून चिखलातून रांगताना इंजिन जोरात राबत असतं आणि गाडीचा वेग चालत्या माणसाएवढा. समोरून वारा येतच नाही. तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर, आणि श्राउड नसेल तर तो जाळीतून हवा ओढण्याऐवजी तिथलीच गरम हवा घुसळत बसतो. शनिवारी सिंहगडाच्या रस्त्यावरच्या रांगेतही तेच होतं.

जुना तांब्यापितळेचा रेडिएटर घेऊन मी नाना पेठेत गेले. नवा ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण त्याच्या प्लास्टिकच्या टाक्यांची कड फुटली तर वाटेत कोणी जोडून देत नाही. तांब्यापितळेला गावोगावी डाख देणारा भेटतो. म्हणून मी टाक्या जुन्या ठेवून जाळी नवी घालून घेतली. तिथल्या रेडिएटरवाल्या चाचांनी जुनी जाळी कापून नळ्या दाखवल्या. निम्म्या बंद, हळद आणि क्षार मिळून दगड. "ताई, बोअरचं पाणी घालता का?" घालत होते. टँकर आणि बोअरच्या कठीण पाण्यातले क्षार गरम होऊन आत बसतात, किटलीत बसतात तसेच. आता कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर. काम झाल्यावर तुमच्यासमोर हवा भरून पिंपात बुडवून दाखवायला सांगा, बुडबुडा आला तर तिथेच परत करा.

चाचांनी आणखी एक सल्ला दिला, तो मी मानला नाही: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून टाका. पुण्यात हा सल्ला दर दुसरा मेकॅनिक देतो. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन वेळेत तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. तो बिघडलाय का हे गॅसवर कळतं. जुन्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. माझ्यावर 82 कोरलंय, त्याच्या आसपास उघडायला लागला. बसवताना त्यातली हलणारी बारीक पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निसटते.

रेडिएटरचं झाकणही नवं घ्या, ही काटकसरीची जागा नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, उघड्या पातेल्यात पाणी इथे 98 अंशांच्या आसपासच उकळतं. 0.9 बारचं झाकण दाब धरून हीच मर्यादा 117-118 पर्यंत नेतं. रबर कडक झालेलं झाकण दाब सोडतं आणि नवाकोरा रेडिएटरही उकळतो.

बसवणं म्हणजे उलटा क्रम. चौथा बोल्ट लावा. होजच्या क्लिपा मानेच्या कडेला नाही, उंचवट्याच्या आत. पंखा हाताने पूर्ण फिरवून बघा, श्राउडला कुठे घासत नाही ना.

खरी फसगत भरताना होते. पाणी काठोकाठ दिसतं, आत हवेचा गोळा असतो, आणि दहा मिनिटांनी काटा लाल. मी गाडीचं तोंड सोसायटीच्या रॅम्पवर चढतं ठेवते, हँडब्रेक लावून मागच्या चाकांना विटा. हीटरचा दांडा गरमवर. हळूहळू भरायचं, मधूनमधून वरचा होज मुठीत दाबायचा, गुडगुड आवाज येतो. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि वरचा होज गरम होतो, तेव्हा परत भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि बाजूच्या बाटलीत खुणेपर्यंत भरा. निचरा मोजून ठेवला होता ना? भरलेलं त्याच्यापेक्षा बरंच कमी असेल तर हवा अजून आत आहे.

कात्रज घाटापर्यंत एक चक्कर मारून आणा. गाडी रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पातळी बघा आणि क्लिपा अर्धा फेरा आवळा. नवा रबर पहिल्या तापण्यानंतर थोडा बसतोच. जुनं कूलंट मी कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दिलं, गटारात नाही. पुठ्ठा तीन सकाळी कोरडा निघाला, चौथ्या सकाळी काकांनी तो स्वतः उचलून, उलटसुलट बघून, माझ्या जागेत भिंतीला टेकवून ठेवला होता.